अकरा पानांचा अर्ज

मोहनलाल रिखबचंद हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट माणसं जगात पुष्कळ असतात आणि त्यांच्यापासून लोक सावध राहतात. मोहनलालपासून सावध राहावं असं कुणाला कधी वाटलंच नाही. त्याच्या बहिणीला तर नाहीच नाही.

जळगावात कापसाच्या बाजाराला लागून त्यांचं आडतीचं दुकान होतं. शेतकरी कापसाच्या गाड्या आणून सोडत आणि रिखबचंद तो कापूस सरकी काढणाऱ्या जिनवाल्यांना विकून देत. घराणं तीन पिढ्यांमागे मारवाडातून आलेलं. घरात मारवाडी, दुकानात खानदेशी आणि कचेरीत मराठी अशा तीन भाषा त्या घरात सारख्याच सफाईनं चालत. मोहनलालनं मात्र दुकानाकडे पाठ फिरवली आणि तो मुंबईला जाऊन वकिलीच्या वर्गात बसला. तिथं त्याला आंतरराष्ट्रीय कायद्याचं वेड लागलं. बाकीची पोरं त्या विषयाची चार टिपणं पाठ करून मोकळी होत, कारण दोन राष्ट्रांच्या समुद्रहद्दीचा खटला धुळ्याच्या कोर्टात कधी उभा राहणार नव्हता. हा एकटा तास संपल्यावरही मास्तरांच्या मागे मागे जात राही.

आई धनकुंवर गेली तेव्हा धाकटी कुसुमलता पाच वर्षांची होती आणि मोहनलाल चौदाचा. बहिणीला अक्षरं त्यानंच शिकवली. तिचा हात इतका वळणदार झाला की रिखबचंद आपली खाजगी पत्रं तिच्याकडूनच लिहून घेत. तिची सगाई धुळ्याच्या एका घरी झाली होती. मुलगा अठरा वर्षांचा, मॅट्रिकला बसलेला. पाचोऱ्याच्या एका लग्नात तिनं त्याला एकदाच लांबून पाहिलं होतं, आणि तेवढ्यावर ती खूश होती.

एकोणीसशे तीस सालच्या उन्हाळ्यात मोहनलाल जिनिव्हाला गेला. तिथं राष्ट्रसंघाच्या कारभारावर सुट्टीतले वर्ग भरत आणि देशोदेशीची तरुण मुलं येत. बापानं पैसे दिले ते पोरगा बॅरिस्टर होऊन येईल या समजुतीनं, आणि पोरानं ती समजूत दूर केली नाही. खाकरे आणि लोणच्याची बरणी घेऊन तो बोटीत चढला. पुढचे आठ महिने दूध, पाव आणि उकडलेल्या बटाट्यांवर काढले, पण एक तास चुकवला नाही. तिथून हेगला गेला आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाची इमारत बघून आला. सप्टेंबरात संघाची मोठी सभा भरली तेव्हा प्रेक्षकांच्या सज्जात बसून त्यानं पानंच्या पानं टिपून घेतली. हिंदुस्थानलाही तिथं एक खुर्ची होती. त्या खुर्चीत कुणी बसायचं हे इंग्रज सरकार ठरवी, पण मोहनलालला ती खुर्ची बघूनच भरून आलं.

वर्गात लुटुपुटीचं मंडळ भरवत. कुणी फ्रान्स व्हायचं, कुणी पोलंड. मोहनलालच्या वाट्याला नॉर्वे आला होता, आणि त्यानं एका दुपारी दोन राष्ट्रांचं नदीवरचं भांडण असं मिटवलं की मास्तरांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. ‘सगळं लेखी घ्या आणि लेखी द्या,’ असं ते मास्तर नेहमी सांगत. मोहनलालनं हे वाक्य बहिणीला पत्रातून कळवलं आणि खाली दोन रेघा मारल्या. माणूस परदेशातून काय काय आणतो! यानं हे वाक्य आणलं.

आता न्यातीची, म्हणजे त्यांच्या जातीची, रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. समुद्र ओलांडणं न्यातीला मंजूर नव्हतं. पण म्हणून कुणी जातच नव्हतं असं नाही. जायचं, परत आल्यावर पंचांपुढे पगडी काढून उभं राहायचं, ‘चूक झाली’ म्हणायचं, पांजरापोळातल्या गुरांसाठी काही दंड द्यायचा, न्यातीला जेवण घालायचं. पाव तासाचं काम. व्यापारासाठी आफ्रिकेला जाऊन आलेला एक जण सकाळी असा उभा राहिला आणि संध्याकाळच्या पंगतीत तोच लोकांना लाडवांचा आग्रह करत फिरला. यातलं काहीही कुठं लिहिलेलं नव्हतं. न लिहिण्यातच सगळ्यांची सोय होती, कारण जे लिहिलेलं नाही ते विसरता येतं.

एकतीसच्या फेब्रुवारीत मोहनलाल परतला. स्टेशनवरून घरी येताना टांग्यातच रिखबचंद म्हणाले, “मोहन, उद्या दहा वाजता पंच जमणार आहेत. पगडी काढायची आणि चूक झाली म्हणायचं. बाकी मी बोलून ठेवलंय.”

“कोणती चूक, बापूसा?”

“जी असेल ती.”

“मग त्यांनी ती आधी लेखी द्यावी. आरोप काय आहे हे कळल्याशिवाय मी कबुली कशी देऊ?”

टांग्याच्या पुढच्या बाजूला हिलाल बसला होता. तो दुकानाचा मुकादम, मोहनलालला खांद्यावर खेळवलेला. तो मागे वळून म्हणाला, “भाऊ, कागद कसाले? पाय धरी ल्या ना पंचासना. बठ्ठं मिटी जाई.”

मोहनलाल हसला. हिलाल अडाणी होता, हेगला गेलेला नव्हता.

त्या दुपारी त्यानं कुसुमलताला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि तो स्वतः फेऱ्या मारत अर्ज सांगू लागला. घरातल्या पुरुषानं तिला खुर्ची देण्याची ती पहिलीच वेळ. ती इतकी हरखली की शाई दोनदा सांडली. प्रस्तावना, वस्तुस्थिती, कायद्याचे मुद्दे, मागणी. दिवेलागणीपर्यंत अकरा पानं झाली. आपण काय लिहितोय हे तिला सगळं कळत होतं, आणि भाऊ जिंकणार याची तिला खात्री होती. आपलं लग्न त्या अकरा पानांखाली अडकतंय हे कुणी तिला सांगितलं नाही. कोण सांगणार? बापाला ते दिसत होतं, पण बाप शिकलेल्या मुलाला भीत होता.

दुसऱ्या दिवशी पंचांपुढे मोहनलालनं पगडी काढली नाही. त्यानं अर्ज काढला आणि पाऊण तास वाचला. म्हातारे पंच आधी ओशाळले, मग चिडले. एक जण उठून पाणी प्यायला गेला तो परत आलाच नाही. धुळ्याहून आलेले बन्सीलाल मात्र शेवटपर्यंत मांडी न मोडता बसून होते. वय बेचाळीस, बोलणं मधासारखं, आणि दोन्ही गावांच्या न्यातीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे.

“मोहनलालजी,” ते म्हणाले, “आम्ही थोडं शिकलेली माणसं. तुम्ही तोंडी बोलला असता तर आम्हीही तोंडीच सोडवलं असतं. पण तुम्ही लिहून दिलंत. आता आम्ही हो म्हटलं तर उद्या प्रत्येक जण तो कागद दाखवील, आणि नाही म्हटलं तर तुम्ही तो कोर्टात दाखवाल. तेव्हा विचार करायला हवा. तीन जणांची समिती नेमू. निकाल लागेपर्यंत तुमचं घर न्यातीबाहेर.”

रिखबचंदांच्या तोंडचं पाणी पळालं. मोहनलाल मात्र रस्त्यानं जवळजवळ उड्या मारत घरी आला. “समिती नेमली!” तो बहिणीला म्हणाला. “अगदी तिथल्यासारखी, तिघांची!”

सोळाव्या दिवशी धुळ्याहून एक माणूस आला आणि सगाईत दिलेली चुनडी, नारळ आणि चांदीचे पैंजण ओसरीवर ठेवून, पाणीही न पिता निघून गेला. कुसुमलता तेव्हा समितीला द्यायच्या दुसऱ्या अर्जाची नक्कल करत होती. तिनं चुनडीकडे पाहिलं. मग टाक पुसला, शाईत बुडवला आणि विचारलं, “भाईसा, ‘सबब’च्या पुढे काय लिहू?”

आणि त्यानं सांगितलं! राग येतो तो इथं. त्यानं थांबून तिच्या डोक्यावर हात ठेवला असता तरी या माणसाबद्दल चार शब्द बरे लिहिता आले असते. त्यानं पुढचं वाक्य सांगितलं, आणि ते फार चांगलं वाक्य होतं.

वाळीत पडलेलं घर दुरून ओळखू येत नाही. दुकानात गाड्या येत होत्या, शेतकऱ्यांना न्यातीशी काही देणंघेणं नव्हतं. पण संध्याकाळी ओसरीवर कुणी टेकेना. पर्युषणात शेजारच्या बायका कुसुमलताला न बोलावता तिच्या दारावरून हसत बोलत जात. बारशाचं, लग्नाचं, मयताचं, कसलंच बोलावणं नाही. समितीनं एका वर्षात दोन बैठका घेतल्या. एकदा धुळ्याचा सभासद आजारी पडला, एकदा अर्जाचं सातवं पान गहाळ झालं. कुसुमलतानं ते पुन्हा लिहिलं. मोहनलालची वकिली बेताचीच चालली. बारमधले वकील त्याला ‘जिनिव्हा’ म्हणून हाक मारत, आणि तो ओ देई.

तेहेतीसच्या थंडीत रिखबचंद अंथरुणाला खिळले. एके सकाळी त्यांनी मुलाला जवळ बसवून घेतलं.

“मोहन, माझ्यासाठी एकदा पगडी काढ. पोरगी अठराची झाली.”

“बापूसा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

रिखबचंदांनी भिंतीकडे कूस वळवली. नंतर ते तीन आठवडे जगले, पण मुलाशी बोलले नाहीत. त्यांच्या तिरडीला न्यातीतला एक खांदा मिळाला नाही. ज्यांच्या पोरांच्या लग्नात हा माणूस घरचा समजून राबला होता, ती माणसं दारं लावून आत बसली. मोहनलाल, हिलाल आणि दुकानाचे दोन हमाल यांनी रिखबचंदांना नदीवर नेलं. वाटेत कसलीच गर्दी नव्हती, त्यामुळे तिरडी लवकर पोचली.

दहाव्या दिवसानंतर मोहनलालनं अर्जाला पुरवणी जोडली. अंत्यविधीला नाकारलेला सहभाग, परिशिष्ट तिसरं. बापाच्या मरणाचा त्यानं मुद्दा केला. कुसुमलतानं त्याच्या चार प्रती काढल्या. एका प्रतीवर पाण्याचा थेंब पडून अक्षर पसरलं, म्हणून त्यानं ती तिला परत लिहायला लावली.

पुढच्या वर्षी फैजपूरचा एक तरुण आला. त्यांच्याच न्यातीतला, स्वतःचं किराणा दुकान असलेला, डोळ्यांवर जाड चष्मा आणि अंगात खादी. तो सरळ म्हणाला, “पंचांना मी मानत नाही. तुमच्या बहिणीची तयारी असेल तर मी लग्न करतो. वाळीत टाकतील तर टाकू देत, दोघांनी मिळून राहू.” कुसुमलता पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती दाराआड उभी राहिली, बाहेर आली नाही.

मोहनलालनं त्याला आदरानं बसवलं आणि आदरानंच नकार दिला. “तुमची भावना मोठी आहे. पण प्रकरण समितीपुढे असताना असं लग्न लावलं तर आपणच न्यातीचा नियम मोडला असं होईल. आमची बाजू दुबळी पडेल. निकाल लागू द्या.”

तरुण गेल्यावर कुसुमलता बाहेर आली. इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा काही मागितलं.

“भाईसा, त्यांना थांबायला सांगता येईल का? निकालाला किती दिवस लागतील?”

“कारवाई चालू आहे,” मोहनलाल म्हणाला.

हिलालला हे कळलं तेव्हा तो भर दुकानात मोहनलालवर कडाडला. “भाऊ, पोरनं वय चाली ऱ्हायनं! कागदले वय नही ऱ्हास!” मोहनलालनं त्याला आवाज खाली करायला सांगितलं. फैजपूरच्या त्या मुलाचं सहा महिन्यांत दुसरीकडे लग्न झालं.

पस्तीस साल उजाडलं आणि मोहनलालला अचानक भाव आला. इटलीनं आफ्रिकेतल्या हबशांच्या देशावर स्वारी केली होती, आणि राष्ट्रसंघ म्हणजे काय, तो काय करणार, हे सगळ्या गावाला जाणून घ्यायचं होतं. वाचनालयानं त्याचं व्याख्यान ठेवलं. त्याच सुमारास बातमी फुटली होती, की इंग्रज आणि फ्रेंच मंत्र्यांनी आपसात बसून हबशांचा मोठा मुलूख इटलीला देऊन टाकायचा बेत केला. मोहनलाल त्या दिवशी खरोखर चांगला बोलला. “ज्याचा मुलूख त्याला विचारलंसुद्धा नाही!” हे वाक्य त्यानं दोनदा म्हटलं. दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. व्याख्यानाची स्वच्छ प्रत अर्थातच कुसुमलतानं काढून दिली होती. ती मागे बायकांच्या सतरंजीवर एकटी बसली होती, कारण तिच्या शेजारी कुणी बसत नसे.

टाळ्या वाजवणाऱ्यांत बन्सीलालही होते. आदल्या वर्षी त्यांची दुसरी बायको वारली होती. ते दुसऱ्या दिवशी सकाळी, पाच वर्षांत पहिल्यांदा, मोहनलालच्या ओसरीवर येऊन टेकले, आणि त्यांनी पाणी मागितलं. न्यातीतल्या माणसानं त्या घरचं पाणी पिण्याची किंमत काय असते हे बाहेरच्यांना कळायचं नाही. मोहनलालनं तांब्या स्वतः भरून आणून दिला.

“काल तुम्ही आमची मान उंच केलीत,” बन्सीलाल म्हणाले. “असा माणूस न्यातीबाहेर ठेवणं ही आमचीच चूक. मी समितीशी बोललोय. तुमचा अर्ज आम्ही मान्य करतो.”

“तोंडी?” मोहनलालनं विचारलं.

“लेखी. समुद्रप्रवास हा गुन्हा नाही, असं आम्ही लिहून देतो. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडच्या पंचांच्या वतीनं. तुम्हीच मसुदा करा. तुमच्याइतकं चांगलं कोण लिहिणार?”

जिनिव्हात हबशांना जो न्याय मिळाला नव्हता, तो त्याला जळगावात मिळत होता.

बन्सीलालांनी तांब्या खाली ठेवला. “फक्त एक आहे. लोकांना कागद कळत नाही, सोयरीक कळते. पंचांच्या घरानं तुमच्या घरची मुलगी केली की उद्यापासून कुणी तोंड उघडणार नाही. आता कुसुमबाईंचं वयही झालं. विशीतल्या मुलीला दुसरं कोण विचारणार? माझं घर रिकामं आहे.”

बन्सीलाल सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्यांचा थोरला मुलगा कुसुमलतापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता. तिची सगाई मोडा असा निरोप त्या धुळ्याच्या घरी कुणी धाडला होता, हे दोन्ही गावांत सगळ्यांना ठाऊक होतं. मोहनलाललाही होतं. त्यानं एक दिवसाची मुदत मागितली. त्या दिवसात त्यानं कायदा तपासला आणि त्यात कुठंही अडचण नव्हती. मुलगी सज्ञान, वर विधुर. आपलाही विचार त्यानं केला. तो तिशीला आला होता, वाळीतल्या माणसाला मुलगी कोण देणार? हे सगळं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं ते ‘व्यापक हित’ या नावाखाली नीट लावून ठेवलं. बहिणीला विचारावं असंही एकदा मनात आलं. पण तिच्या तोंडाकडे बघून हे कसं बोलायचं ते त्याला सुचेना.

तेव्हा त्यानं तिला बोलावलं आणि खुर्चीवर बसवलं. दुपारची वेळ होती. बाहेर हिलाल कुणाला तरी कापसाच्या भावावरून झापत होता.

“काय लिहायचं, भाईसा?”

“करारनामा. आपण जिंकलो, कुसुम.”

तिचा चेहरा फुलला. तिनं नवा कागद घेतला, समास सोडला, वर तारीख घातली. मोहनलाल पाठ करून खिडकीशी उभा राहिला आणि सांगू लागला. पहिलं कलम, समुद्रप्रवास हा दोष मानला जाणार नाही. दुसरं कलम, मोहनलाल रिखबचंद यांचं घर आजपासून न्यातीत घेतलं जात आहे. टाकाचा आवाज भरभर येत होता. तिसरं कलम सांगताना तो जरा खाकरला.

“उभय पक्षांतला सलोखा कायम राहावा म्हणून, मोहनलाल रिखबचंद यांची भगिनी कुमारी कुसुमलता हिचा विवाह श्रीयुत बन्सीलालजी, धुळे, यांच्याशी येत्या वैशाखात...”

टाकाचा आवाज थांबला. मोहनलालनं वळून पाहिलं नाही. रस्त्यावरून एक बैलगाडी खडखडत गेली. मग टाक पुन्हा दौतीत बुडाला, आणि ती लिहू लागली.

“...येत्या वैशाखात करून देण्याचं मान्य आहे,” मोहनलालनं वाक्य पुरं केलं.

तिनं ते पुरं लिहिलं. स्वतःचं नाव तिनं बाकीच्या नावांसारखंच लिहिलं, त्याच आकाराचं, ओळीत. मग वाळू टाकून शाई टिपली, कागद फुंकला आणि विचारलं, “भाईसा, खाली सह्यांसाठी किती जागा सोडू?”

मसुदा मोहनलालच्या डोक्यात पक्का होता.

“दोन,” तो म्हणाला. “बन्सीलालजींची आणि माझी.”

तिनं पट्टी घेतली आणि दोन सरळ रेघा मारून दिल्या.